भूक आहे, हिंमत नाही

"आजी हल्ली जेवतच नाही, वय झालं आता." महाड-पोलादपुरात हे वाक्य कुठल्याही घरात ऐकू येईल. दवाखान्यात याच वाक्याचा 'गॅस' होतो. मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. वजन फारच उतरलं तर एंडोस्कोपी. ती नॉर्मल आली की, "काही नाही, मनाचं आहे."

माझं भांडण या 'मनाचं आहे'शी आहे.

जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटात कळ येते, दोन-तीन तासांनी ओसरते. म्हणून माणूस घास मोजायला लागतो. भूक असते, खायची हिंमत नसते. हा आतड्याचा अंजायना असू शकतो. हृदयाच्या धमन्या चोंदतात तशाच आतड्याच्याही चोंदतात. मुख्य धमन्या तीन, एक बंद पडली तर इतर सांभाळून घेतात. त्रास सुरू होतो तेव्हा बहुधा दोन तरी गेलेल्या असतात. विडी-सिगारेट हे मोठं कारण. आणि या आजारात पुरुषांपेक्षा बायका जास्त, ज्यांचं न जेवणं घरात सर्वांत शेवटी लक्षात येतं!

उपाय नवा नाही. १९५८ साली शॉ आणि मेनार्ड यांनी धमनी उघडून आतला थर काढल्याचं प्रसिद्ध केलं. आज बायपास होतो किंवा स्टेंट बसवतात. स्टेंटला तात्काळ धोका कमी, पण तो पुन्हा चोंदू शकतो. बायपास जास्त टिकतो, पण सापळा झालेल्या शरीराला तो झेपला पाहिजे ना! 'गॅस'मध्ये घालवलेला प्रत्येक महिना इथे वसूल होतो. आणि एके रात्री गुठळी अडकली तर काही तासांत आतडं काळं पडतं. पोलादपूरहून मुंबई जवळपास दोनशे किलोमीटर. (२०११ साली चौपदरीकरण सुरू झालेल्या त्या महामार्गाबद्दल न बोललेलं बरं.) मग उरतं ते सडलेलं आतडं कापून काढण्याचं ऑपरेशन.

"इथे व्हॅस्क्युलर सर्जन कुठून आणायचा?" अहो, तो मागतंय कोण? डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९७६ पासून याच तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, विंचूदंशाच्या रोग्यांपाशी बसून बारकाईनं नोंदी केल्या, आणि त्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. त्यांच्याकडे तरी कुठे मोठी यंत्रं होती? इथे तर एकच प्रश्न विचारायचाय: दुखतं म्हणून जेवण कमी केलंत का?

डॉक्टर विचारत नसतील तर आपण सांगायचं. कळ जेवणानंतर किती वेळानं येते, वर्षापूर्वी वजन किती होतं, आज किती आहे, हे कागदावर लिहून न्या. आणि पोटाची सीटी अँजिओग्राफी करायची का, हे स्पष्ट विचारा.