चाळणी कुणाच्या हाती?



ऊस सोडून हा मखाण्याचा विषय कुठून काढला, असे आपणांस वाटेल. कारण घरातलेच आहे. आमच्या पुतण्याने गेल्या साली मखाण्याचा ठोक व्यापार सुरू केला. नमुन्याला मूठभर टपोरा माल आला, फोनवर भाव ठरला, पैसे धाडले. पोती आली तर वर टपोरा आणि खाली बारीक, तुटका, सादळलेला. पोरगं महिनाभर तोंड लपवून हिंडत होतं. विकणाऱ्याने फसवले हे खरेच. पण गुळाची ढेप न बघता आपण सौदा करतो काय?

मखाणा म्हणजे कमळाचे बी, असे आपल्याकडे म्हणतात. ते बरोबर नाही. ही पाणलिलीच्या कुळातली काटेरी वनस्पती. देशातला बहुतेक माल बिहारमधल्या दरभंगा, मधुबनी, पूर्णिया, कटिहार या भागांतून येतो. मल्लाह समाजाची माणसे तळ्यात बुड्या मारून चिखलातून बी काढतात. मग ते वाळवायचे, चाळायचे, भाजायचे, दोन-तीन दिवस मुरवायचे, पुन्हा भाजून गरम असतानाच लाकडी थापीने फोडायचे. तेव्हा कुठे पांढरी लाही निघते. बारीक-मोठे बी एकत्र भाजले तर काही करपते, काही फुटतच नाही. म्हणजे प्रतवारी कढईच्या आधीच सुरू होते.

तयार लाहीची प्रत तिकडे सुतावर ठरते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपला सुतार मोजतो तेच. ४ सुती अर्धा इंच, ६ सुती पाऊण इंच. सूत वाढले की भाव वाढतो. आता बघा, मधल्याने सरसकट घ्यायचे आणि चाळून विकायचे. फरक त्याच्या खिशात. बुडी मारणारा होता तिथेच.

२०२२ साली 'मिथिला मखाना'ला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ साली राष्ट्रीय मखाना मंडळही झाले. उत्तम झाले. पण शिक्का पोत्यावर बसतो, दाणा चाळावाच लागतो.

म्हणून या धंद्यात उतरणाऱ्या आपल्या मुलांना सांगणे एवढेच. शक्यतो उत्पादकांच्या संस्थेकडून, जागेवर जाऊन माल घ्या. कोणतेही पोते तळापर्यंत ओतून बघा. चाळणी स्वतःची न्या. सूत, तुकडा, ओल यांचा करार लेखी करा. दाणा दाताखाली कुरकुरला पाहिजे. आणि प्रतीप्रमाणे भाव द्या. चांगल्यात हलका मिसळून चार पैसे सुटतात, पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

आपण तरी कारखाना कशासाठी काढला? काटा आपल्या हाती असावा म्हणून. तो हाती आल्यावर पाचटासकट शिळा ऊस गाडीत भरणारा सभासद कुणाला फसवतो? उतारा सर्वांचा मिळून निघतो. तेव्हा दुसऱ्याच्या पोत्यात हात घालण्याआधी आपली मोळी सोडून बघावी, हे बरे.

— एक सभासद