संध्याकाळची शाळा मोठ्यांसाठीही भरावी

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत एका विषयाचा विचार व्हावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या शाळेचे दोन वर्ग आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, मोठ्या माणसांसाठी उघडे ठेवावेत. मोठी माणसे म्हणजे आपल्याच विद्यार्थ्यांचे आई-वडील, काका-मामा आणि सातवी-आठवीतून शाळा सोडून कामाला लागलेले आपले माजी विद्यार्थी. त्यांना शिकवायचे ते रोजच्या कामाला येणारे : तेलुगू वाचन-लेखन, व्यवहाराचा हिशोब, मोबाईलवरचे अर्ज आणि ज्याला पुढे जायचे आहे त्याला दहावीची परीक्षा किंवा एखाद्या धंद्याचे शिक्षण.

हे सुचवण्याचे कारण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. आदिलाबाद आधी हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली आंध्र प्रदेशात गेला, २०१४ साली तेलंगणात आला. गावे जागच्या जागी राहिली, पण कचेरीतली भाषा बदलत गेली. आपल्यातले पुष्कळ पालक मराठी माध्यमातून शिकले. ते बाजारात अडत्याशी, बसमध्ये कंडक्टरशी अस्खलित तेलुगू बोलतात. पण तीच तेलुगू कागदावर आली की अडतात. त्यांना निरक्षर म्हणणे अन्यायाचे होईल. ते एका लिपीत साक्षर आहेत आणि त्यांचे कागद दुसऱ्या लिपीत येतात, एवढाच प्रश्न आहे.

मुलांची ही अडचण आता सुटत आली आहे. २०१८ च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत तेलुगू सक्तीची झाली, त्यामुळे आपली मुले तेलुगू वाचतात. आज कित्येक घरांत बँकेची नोटीस पाचवी-सहावीतले लेकरू वाचून दाखवते. याचे कौतुक आहेच. पण कर्जाचा कागद, जमिनीच्या फेरफाराची नोटीस, दवाखान्याचा अहवाल यांचा भार दहा-अकरा वर्षांच्या मुलावर टाकणे बरे नव्हे. जमिनीच्या नोंदींसाठी २०२० साली 'धरणी' पोर्टल आले, २०२५ साली त्याच्या जागी 'भू भारती' आले. प्रत्येक बदलाबरोबर पट्टादाराला नवे काही शिकावे लागते, आणि ते शिकवणारी जागा गावात नसते.

कापसाचे उदाहरण घेऊ. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. हा भाव आठ टक्के ओलाव्याच्या मालाला. ओलावा त्याहून जास्त असेल तर दर टक्क्यामागे एक टक्का भाव कापला जातो, आणि बारा टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. म्हणजे ११ टक्के ओलावा निघाला तर तीन टक्के, अर्थात २४३ रुपये ३० पैसे कमी होऊन हाती ७,८६६ रुपये ७० पैसे पडतात. दहा क्विंटलमागे २,४३३ रुपयांचा फरक झाला. हा हिशोब ज्याला येतो, तो माल दोन दिवस उन्हात वाळवून नेतो. ज्याला येत नाही, तो काट्यावर जे सांगतील ते मान्य करून परत येतो. त्याच हंगामात कापूस महामंडळाने विक्रीसाठी 'कपास किसान' या मोबाईल अ‍ॅपवर नोंदणी करून दिवस ठरवून घेण्याची पद्धत आणली. ज्यांच्याकडे तसा फोन नाही किंवा असून वापरता येत नाही, त्यांना दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते.

दुसरे उदाहरण जिवावरचे आहे. २०१७ साली पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, सगळा दोष शिक्षणाच्या अभावावर टाकता येणार नाही. परंतु औषधाच्या डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो त्यात लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य, ही गोष्ट किती फवारणी करणाऱ्यांना माहीत आहे? एका संध्याकाळी शिकवून होण्यासारखी ही गोष्ट आहे.

कोणी म्हणेल की मोठ्या माणसाला आता काय शिकवणार, पिकल्या फांदीला वळण लागत नाही. त्यांना आम्ही मार्लवाईची आठवण करून देऊ. हे गाव आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, २०१६ च्या विभागणीनंतर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना इकडे पाठवले. त्यांनी १९४३ साली मार्लवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केले. त्या वेळी अक्षरओळख असलेले गोंड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. केंद्राने बाहेरून शिक्षक न आणता गावातल्याच तरुणांना घडवले. वाचनतक्ते आणि पुस्तके गोंडी भाषेत पण देवनागरी लिपीत केली. त्यातून शिक्षक तयार झाले, पुढे पटवारी आणि वनरक्षक यांसारख्या कामांसाठीही माणसे तयार झाली. त्याच काळात जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम केलेले आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी भाषेचा अभ्यास केला, हे येथे सांगण्यात आम्हाला अभिमान वाटतो.

मार्लवाईचे केंद्र यशस्वी का झाले? आमच्या मते तीन कारणांनी. शिकणे आपल्या भाषेतून सुरू झाले. शिकून झाल्यावर समोर खरे काम होते. आणि शाळा माणसांच्या गावात होती, माणसांना शाळेच्या गावी जावे लागले नाही. पुढे भाषावार प्रांतरचनेनंतर तेलुगू माध्यम आले आणि ती गोंडी पुस्तके मागे पडली. यातूनही शिकण्यासारखे आहे. नवी भाषा आणताना ओळखीची भाषा काढून घेतली, की शिकणाऱ्याची शिडीच जाते.

ही परंपरा मराठी माणसाला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि कामगार यांच्यासाठी रात्रशाळा काढली. मुंबईत वरळीला १९६७ साली कामगारांसाठी देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. तीच योजना पुढे 'जन शिक्षण संस्थान' या नावाने देशभर पसरली. परदेशात ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे गावातल्याच माणसांना कमी खर्चात, काम सांभाळून शिकता येईल असे कॉलेज, त्याचे मूळही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतले सर्वांत जुने असे सरकारी कॉलेज जोलिएट गावी १९०१ साली सुरू झाले, ते एका हायस्कूलच्या इमारतीत आणि अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर. आपल्या देशात पहिले कम्युनिटी कॉलेज १९९५ साली पाँडिचेरीला निघाले. आपल्याला आज कॉलेज काढायचे नाही. पण शाळेच्या दोन खोल्यांतून सुरुवात होऊ शकते, एवढे त्यावरून कळते.

योजनांचा तुटवडा नाही, हेही पालकांच्या ध्यानात यावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते. वयाची वरची मर्यादा नाही आणि पाच वर्षांत नऊ वेळा बसण्याची संधी मिळते. विषय एकेक करून सोडवता येतात. २०२२ साली सुरू झालेला केंद्राचा 'उल्लास' कार्यक्रम पंधरा वर्षांवरील सर्वांसाठी आहे आणि त्यात अक्षरओळखीबरोबर व्यवसायकौशल्य आणि निरंतर शिक्षण यांचाही समावेश आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था राहण्या-जेवणासह मोफत शिकवतात. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, गवंडी अशा अठरा कारागिरींचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. असे असूनही आपल्या वस्तीतली किती माणसे तिथे पोचतात? अर्ज कुठे करायचा, कोणता कागद लागतो, शेवटची तारीख कोणती, हे त्यांना कळेल अशा भाषेत सांगणारे कोणी नाही. हे काम शाळा करू शकते, कारण शाळेचा उंबरठा त्यांच्या ओळखीचा आहे.

आता शंकांकडे वळू. पहिली शंका अशी, की मराठी शाळेतच तेलुगूचे वर्ग भरवले तर मराठीचे काय होणार? आम्हाला उलट वाटते. मराठीतून तेलुगू शिकवण्याचे काम मराठी शाळेइतके चांगले दुसरीकडे कोठे होईल? ज्या पालकाला आपल्या शाळेने उभे राहायला मदत केली, तो आपले धाकटे मूलही याच शाळेत घालील. मराठी माध्यमाची शाळा टिकवायची तर ती उपयोगी आहे, असे लोकांना दिसले पाहिजे. नुसत्या अभिमानावर पट वाढत नाही.

दुसरी शंका खर्चाची. खोल्या आहेत, फळे आहेत, बाके आहेत. वाढणारा खर्च विजेचा आणि शिकवणाऱ्यांच्या मानधनाचा. निवृत्त शिक्षक आठवड्यातून एक-एक संध्याकाळ देऊ शकतील. वरच्या वर्गातले विद्यार्थी मोबाईलचे अर्ज शिकवू शकतील. शिकणाऱ्यांकडून थोडी का होईना, फी घ्यावी. फुकटच्या वर्गाला माणूस येतो, पण पैसे भरलेल्या वर्गाला तो नियमित येतो.

तिसरी शंका सर्वांत वजनदार आहे. साक्षरतेच्या मोहिमा आल्या आणि गेल्या, त्यातून काय झाले? 'साक्षर भारत' २००९ साली सुरू झाले आणि २०१८ साली थांबले. पुष्कळांनी सही शिकली आणि पुढे वाचायला काही न मिळाल्याने अक्षरे पुन्हा पुसली गेली. शिवणकामाचे वर्ग निघाले, प्रमाणपत्रे वाटली गेली, पण एका गल्लीत वीस शिलाई यंत्रे झाली तर कपडे कोणाचे शिवायचे? म्हणून आमचे म्हणणे आहे की आधी काम शोधावे, मग वर्ग काढावा. आपल्याकडे जिनिंगच्या रेच्यांना फिटर लागतो. विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्या भरून देणारा लागतो. ट्रॅक्टर आणि दुचाकी दुरुस्त करणारा लागतो, ठिबकच्या नळ्या जोडणारा लागतो, मी-सेवा केंद्रात टायपिंग करणारा लागतो. विश्वस्तांपैकी काहींचे स्वतःचे व्यवसाय आहेत. त्यांनी आपापल्या धंद्यात कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, याची यादी द्यावी. त्या यादीवरून वर्ग ठरावेत, आणि उमेदवारीला दोन-तीन जागा त्यांनीच द्याव्यात.

वेळेचाही विचार हवा. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी चालते. तेव्हा बायामाणसांना श्वास घ्यायला सवड नसते. त्या काळात वर्ग भरवले तर बाके रिकामी राहतील आणि मग लोकांना शिकायचेच नाही असा शेरा मारला जाईल. फेब्रुवारीपासून मृग लागेपर्यंत सोळा आठवडे मिळतात. आठवड्याला सहा तास धरले तर ९६ तास होतात. तेलुगू बोलता येणाऱ्याला लिपी शिकून पाटी, नोटीस आणि पावती वाचण्याइतकी तयारी करायला ते पुरावेत. जिनिंगमध्ये पाळीने काम करणाऱ्यांसाठी आणि अंधार पडल्यावर येणे ज्या भगिनींना जमत नाही त्यांच्यासाठी रविवारी सकाळी वेगळा वर्ग असावा. लहान मूल बरोबर आणण्याची मुभा द्यावी. ही मुभा नसेल तर निम्म्या आया येणार नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, यात तुमचाही वाटा आहे. घरी कोणाला काय शिकावेसे वाटते ते विचारा आणि लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. आई वही घेऊन बसली तर हसू नका. तुमच्या पहिलीच्या वहीला कोणी हसले नव्हते.

पालक बंधू-भगिनींनो, वर्ग सुरू झाला तर पहिल्या आठवड्यात या. एका लिपीचे तुम्ही धनी आहातच, दुसरी तुम्हाला जड जाणार नाही.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती मर्यादित आहे. मंजुरी एका हंगामापुरती द्यावी. मृगानंतर हजेरीचा पट तपासावा. किती जणांनी वर्ग पुरा केला, किती जण आपले कागद स्वतः वाचू लागले, किती जणांना काम मिळाले, हे सर्वांसमोर मांडावे आणि मगच पुढचे ठरवावे. पट रिकामा निघाला तर वर्ग बंद करण्याचा ठराव आम्हीच मांडू. पण सहा माणसे जरी टिकली, तरी तो वर्ग पुढच्या वर्षी चालू ठेवावा असे आम्ही आग्रहाने सांगू.