साच्यामागचा हात

एखादा चित्रपट कंटाळवाणा निघाला, एखादी कथा फसली, की आपण तिला 'साचेबद्ध' म्हणून मोकळे होतो. साच्यातून निघालेली वस्तू म्हणजे बिनडोक, आणि हाताने घडवलेली तीच खरी, असे आपण गृहीत धरले आहे. हा समज किती उथळ आहे, हे घरातला चिनी मातीचा वाडगा सांगू शकेल.

उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातील खुर्जा हे गाव अशा भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले कप, वाडगे, बरण्या आपल्याकडच्या प्रदर्शनांतूनही दिसतात. यातली अनेक भांडी चाकावर घडत नाहीत. मातीचा पातळ घोळ, ज्याला 'स्लिप' म्हणतात, तो प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओततात. प्लास्टर सच्छिद्र असते. ते घोळातले पाणी शोषून घेते आणि साच्याच्या आतल्या अंगाला मातीचा थर धरू लागतो. पंधरा-वीस मिनिटांत पुरेशी जाडी आली की उरलेला घोळ ओतून टाकायचा. माती सुकताना किंचित आकसते आणि वाडगा आपसूक सुटा होतो.

वाचताना हे सोपे वाटते. सारी मेहनत त्याआधीची असते. माती सुकताना आणि भाजताना आकसणार, हे धरून मूळ नमुना मोठा करावा लागतो. आकसण्याचे प्रमाण १२ टक्के असेल, तर १५ सेंटिमीटरच्या वाडग्यासाठी नमुना सुमारे १७ सेंटिमीटरचा हवा. वाडग्याचे तोंड सर्वांत रुंद असेल तर साचा एकसंध चालतो. पोट फुगीर असेल, तर तो दोन-तीन तुकड्यांचा करावा लागतो आणि सांधे नेमके कुठे घ्यायचे हे ठरवावे लागते.

नमुन्याला साबणाचा हात फिरवायचा, म्हणजे प्लास्टर चिकटत नाही. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचे. प्लास्टरवर पाणी ओतले तर गुठळ्या होतात. ते भिजू द्यायचे, मग बुडबुडे न उठवता ढवळायचे आणि बासुंदीसारखे दाट झाले की ओतायचे. पाणी जास्त झाले तर साचा ठिसूळ होतो, कमी झाले तर शोषण मंदावते. घट्ट होताना प्लास्टर गरम होते. पुढे साचा कित्येक दिवस मंद उबेत वाळवावा लागतो. घाई करून फार तापवला तर प्लास्टर भुसभुशीत होते.

इतके करूनही साचा चिरकाल टिकत नाही. साधारण शंभरेक वाडगे काढले की कडा बोथट होतात, नक्षी पुसट होते. म्हणजे हजार वाडग्यांना दहा साचे. ते एकसारखे निघावेत म्हणून साच्याचाही साचा करून ठेवतात. एका माणसाच्या हाताची अचूकता अशी हजारो घरांत पोचते. त्याची चूकही तशीच पोचते.

महाराष्ट्रात प्लास्टर म्हटले की गणेशमूर्तींचा वाद आठवतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली विसर्जनाच्या मूर्तींत प्लास्टर नको अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती चिंता रास्तच आहे. पण तिथे प्लास्टर वस्तू म्हणून पाण्यात जाते. इथे ते अवजार आहे. अर्थात झिजलेल्या साच्यांचे ढीगही कुठेतरी जातातच, आणि त्यांची विल्हेवाट नीट लागली पाहिजे.

खरा प्रश्न श्रेयाचा आहे. प्रदर्शनात चाकावर बसणाऱ्या कलाकाराचे नाव पाटीवर असते; साचा करणाऱ्याचे बहुधा कुठेच नसते. त्याला केवळ कामगार समजायचे, तर त्याच्या मुलांनी हा धंदा का शिकावा? कलाशाळांनी साचाकामाला दुय्यम लेखू नये, कारखानदारांनी अनुभवी साचेकाराला त्याच्या कसबाचे मोल द्यावे. आणि आपण ग्राहकांनी 'साच्यातलेच तर आहे' म्हणून भाव पाडण्याची सवय सोडावी. चारचौघांच्या खिशाला परवडेल अशा किमतीत देखणे भांडे घरी येते, ते या माणसामुळेच.