‘मांडीची सवय लागेल!’

‘रडू दे जरा, उचललेस तर मांडीची सवय लागेल!’ इंदूर-ग्वाल्हेरच्या आमच्या जुन्या मराठी घरांत हा उपदेश ऐकला नाही, अशी बाळंतीण विरळाच. उपदेश करणारी मंडळी प्रेमळ असतात, अनुभवी असतात; तरीही त्यांचे म्हणणे चूक आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

‘मी’ म्हणजे कोण, हे तान्ह्या मुलाला ठाऊक नसते. ते रडते, कोणी धावून येते. ते हसते, समोरचा चेहरा फुलतो. दिवसभरातल्या या असंख्य प्रत्युत्तरांतून, आपण कोणाला तरी हवे आहोत ही जाणीव त्याच्यात मूळ धरते. हाक वारंवार वाया गेली, की मूल गप्प होते खरे. आणि आपण कौतुकाने म्हणतो, ‘किती गुणी बाळ!’

बरे, ही शिस्त परंपरेची म्हणावी, तर आमची परंपरा पायांवर घेऊन तेल लावणाऱ्या, न्हाऊमाखू घालताना बाळाशी अखंड बोलणाऱ्या आजीची. मुलांना कुरवाळू नका, मांडीवर बसवू नका, सकाळी हस्तांदोलन करा, असे छापून सांगितले ते जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, १९२८ साली! पुढे मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमधील २६ माता-बालकांचे वर्षभर घरोघरी जाऊन निरीक्षण केले. ज्यांच्या रडण्याला आरंभीच्या महिन्यांत तत्परतेने साद मिळाली, ती मुले वर्षाअखेरीस कमी रडत, असे १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्या निष्कर्षावर वाद झाले, हे मान्य. परंतु रुमानियातील अनाथालयांचा दाखला कसा नाकारणार? तेथे बुखारेस्टमध्ये या शतकाच्या आरंभी १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला; निम्म्यांना पालक-कुटुंबे मिळाली. साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांचे सांभाळणाऱ्यांशी नाते उशिरा गेलेल्यांपेक्षा चांगले जुळले. ‘एवढ्याशा जिवाला काय कळते?’ असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मात्र यातून सारा भार आईच्या माथी मारण्याची सोय कोणी काढू नये. आज ‘उचलू नकोस’ म्हणणारेच उद्या ‘नोकरी सोड’ म्हणतात! बाळाला नेमाने साद देणारी ओळखीची माणसे हवीत. ती एकटी आईच असावी, असे नाही. वाड्यात आत्या होती, काकू होती. आता वाडे गेले, सदनिका आल्या. तेथे बाबांनी आणि आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवून हात पुढे करायला काय हरकत आहे?

हा उपदेश आम्हीही एकेकाळी केला आहे, हे लपवत नाही. सूनबाईंनी तो मुळीच ऐकला नाही. नातू मांडीवरच वाढला. आता चार वर्षांचा आहे. गोष्ट सांगायला जवळ घ्यावे, तर त्याला धरून आणावे लागते.