रसग्रहण आधी कानाने

दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायला घेतले की कवितेच्या रसग्रहणापाशी माझं लाल पेन अडतं. ‘कवीने सोप्या व ओघवत्या भाषेत निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे. ही कविता मनाला भावते.’ एकाच वर्गातल्या कितीतरी मुलांनी हेच लिहिलेलं असतं, अगदी काना-मात्रेसकट. त्यात चूक म्हणावं असं काही नसतं, पण त्यात ती कविताही नसते. म्हणून मी मुलांना एक कसोटी सांगतो. तुझ्या परिच्छेदावर दुसऱ्याच कवितेचं नाव टाकून बघ. तरीही तो जसाच्या तसा चालत असेल, तर खोडून टाक आणि पुन्हा लिही.

मुलांवर रागावण्यात अर्थ नाही. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषासौंदर्य हे कप्पे आपण मोठ्यांनीच आखून दिले आणि गाईडने ते भरून दिले. मधल्या मध्ये कविता वाचायचीच राहून गेली.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. बालकवी आपल्या धरणगावचे. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं. तेव्हा ते अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते. ‘औदुंबर’ फक्त आठ ओळींची. मुलं ‘निसर्गकवी’ असं लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. ती दोनदा मोठ्याने वाचून घेतली आणि नुसते रंग मोजायला सांगितले, की वर्ग जागा होतो. झरा निळसर, काठ हिरवे, शेतं हिरवी, वाट पांढरी, डोह काळा. मग कुणीतरी विचारतं, “सर, ती पांढरी वाट डोहाकडेच का जाते?” रसग्रहण इथून सुरू होतं. ज्या झाडाचं नाव कवितेला दिलंय, ते थेट शेवटच्या ओळीत भेटतं, तेही पाण्यात पाय सोडून बसलेलं. एवढं सगळं दिसतं, पण माणूस कुठेच दिसत नाही. गाव आहे, घरं आहेत, वाट आहे, चालणारं कुणी नाही. हे ज्याच्या ध्यानात आलं, त्याला चार गुणांचं उत्तर पाठ करावं लागत नाही.

मनाला उभ्या पिकातलं ढोर म्हणणाऱ्या बहिणाबाईंच्या ‘मन’ या कवितेवर एका मुलीने ‘कवयित्रीने मनाच्या चंचलतेचे सुंदर वर्णन केले आहे’ एवढंच लिहिलं होतं. मी तिला विचारलं, “पिकात शिरलेलं ढोर तू कधी हाकललंयस का गं?” ती म्हणाली, “रोजचंच आहे सर. या बांधावरून हाकललं की त्या बांधाने शिरतं. मारलं तरी तोंड मक्याकडेच.” म्हटलं, हेच लिही. तिला ते खरंच वाटेना. घरचं, शेतातलं असलं पेपरात चालतं का, हा तिचा प्रश्न. चालतं बाई. मुंबई-पुण्याच्या मुलाला ज्यासाठी तळटीप लागेल, ते तू रोज संध्याकाळी बघतेस.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. आसोद्याची लेक, जळगावची सून. जात्यावर, शेतात काम करता करता गाणी व्हायची आणि मुलगा सोपानदेव नि घरातली माणसं ती उतरवून घ्यायची. त्या 1951 मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. कुणी कान देऊन ऐकलं नसतं, तर आज पाठ्यपुस्तकात काय घातलं असतं? धुळ्याचंही तसंच. 1932 साली तिथल्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून हाती आलं. पुढे एवढे मोठे लेखक झालेले गुरुजी तिथे बसून दुसऱ्याचा शब्द नीट कानात साठवत होते.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. वर्गात कविता शिकवायच्या आधी ती दोघा-तिघांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. अहिराणी किंवा लेवा बोलीच्या घरातलं मूल असेल तर बहिणाबाई त्यालाच वाचू द्याव्यात, कारण तो ठेका आम्हा शिक्षकांपेक्षा त्याच्या जिभेवर जास्त बसतो. मग वही मिटून प्रत्येकाने सांगावं, काय दिसलं आणि कुठे थबकायला झालं. लिहायचं त्यानंतर. पहिलं वाक्य त्या थबकण्याचंच असू दे, कवीचा जन्म आणि ग्रंथसंपदा मागाहून आली तरी चालेल. अलंकाराचं नाव आठवलं तर जरूर लिहावं, पण त्या अलंकाराने तिथे काय केलं हेही सांगावं. नाही तर ते नुसतं लेबल.

आणि पेपर तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. त्या मुलीच्या उत्तरात ‘प्रतिमा’ हा शब्द नसेल, ‘मनोहारी’ तर नसेलच. मक्यातून ढोर हाकलल्याचं मात्र असेल. तिचे गुण कापू नका.