कारखान्यातील यत्नाचार

वस्तू उचलताना व ठेवताना पाहून, जपून वागावे, यास आपल्या शास्त्रांत आदान-निक्षेपण समिती म्हटले आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला स्थान आहे. मुनींसाठी सांगितलेला हा यत्नाचार आपल्या कारखान्यांत कितपत पोहोचला आहे?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती १,००० कामगारांपासून केली. २०२० च्या संहितेने ती मर्यादा ५०० वर आणली. मग दहा-पंधरा कामगारांच्या यंत्रमागशाळेत वा डाळमिलमध्ये हे काम कोणाचे? जपानचा कायदा १० ते ४९ कामगारांच्या आस्थापनांतही जबाबदार माणूस नेमावयास लावतो. आपण कायद्याची वाट का पाहावी?

कामगारांतीलच एका जाणत्या व्यक्तीस प्रशिक्षण द्यावे. फिरत्या पट्ट्यांवर जाळी बसवणे, दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप घालणे, धूळ आवरणे, प्रथमोपचार करणे आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद ठेवणे, एवढे तरी तिने शिकावे. मुंबईत शीव येथील केंद्रीय कामगार संस्थेत असे प्रशिक्षणवर्ग चालतात. मात्र शिकवून भागत नाही; धोका दिसताच यंत्र थांबवण्याचा अधिकारही तिला हवा. ऑर्डर निकडीची असली तरी त्या वेळी मालकाने तिचे ऐकावे.

विमा यंत्राची किंमत भरून देतो. तुटलेले बोट परत देत नाही. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी फलक लावण्याआधी आपल्या कारखान्यातील ते एक नाव निश्चित करावे.