सावल्यांचा वाद

आमच्या व्याख्यानाचा विषय कादंबरी हा होता. परंतु रात्रीं जेवणें आटोपल्यावर यजमानांच्या ओट्यावर जो वाद पेटला त्यांत कादंबरीचें कोणीं नांवहि काढलें नाहीं. शिरूर कासार हें बीड जिल्ह्यांतील, सिंदफणेच्या कांठचें गांव. तालुक्याचें ठिकाण असलें तरी त्याचें वळण अजून खेड्याचेंच आहे. ओट्याच्या एका टोंकास पेन्शनीत निघालेले दोन शिक्षक व त्यांचे समवयस्क मित्र बसले होते. दुसऱ्या टोंकास पुण्यास शिकत असलेले व सुटीला घरीं आलेले चार-पांच तरुण. वाद होता तो असा, कीं गुन्ह्याचे, संशयाचे, सावल्यांनीं भरलेले चित्रपट जुने चांगले कीं नवे? तरुणांपाशीं ह्या जातीस लावावयास 'नुआर' असें एक फ्रेंच नांव तयार होतें. गुरुजींना त्या नांवाची गरज भासली नाहीं.

थोरल्या गुरुजींनीं सांगितलें, ''जत्रेंतल्या तंबूंत आम्हीं 'पाठलाग' पाहिला. परततांना वाटेंतल्या बाभळीची सावली पाहूनहि पाय लटपटत होते. तुमचीं आतांचीं चित्रें पाहून झोंप तेवढी येते!'' त्यावर एका तरुणानें अगदीं नम्रपणें उत्तर दिलें, ''गुरुजी, भीति बाभळीची होती, चित्रपटाची नव्हे.'' सारा ओटा हंसला. गुरुजीहि हंसले, पण मनांतून ते दुखावले हें आमच्या लक्षांत आलें. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत जें रणकंदन झालें त्यांत आम्ही पाहुणे म्हणून मौन धरून बसलों. तें मौन येथें सोडीत आहों. दोन्ही पक्ष आम्हांस चुकलेले वाटले. आणि त्यांची चूक ही शिरूरची नसून आमच्या सबंध सुशिक्षित वर्गाची आहे.

जुन्यांच्या कैवाऱ्यांचें पहिलें म्हणणें असें, कीं पूर्वींचे लोक स्वतःच्या डोक्यानें चित्रपट काढीत व हल्लींचे चोरतात. हें म्हणणें पुराव्यापुढें टिकत नाहीं. 1951 सालचा 'बाजी' घ्या. गुरुदत्तांचें दिग्दर्शन, बलराज साहनींचें लेखन. परंतु त्यावर 1946 च्या 'गिल्डा' ह्या अमेरिकन बोलपटाची छाया पडलेली आहे हें जाणत्यांनीं केव्हांच दाखवून दिलें आहे. 'महल' (1949) मधील ज्या अंधाराची एवढी वाखाणणी होते तो कॅमेऱ्यांत धरणारा जोसेफ विर्शिंग हा म्युनिकहून आलेला जर्मन गृहस्थ होता. आमच्या व्ही. शांतारामांच्या 'अमृतमंथना'त (1934) पडदा भरून टाकणारा राजगुरूचा डोळा दिसतो. त्याच्या आदल्याच वर्षीं ते 'सैरंध्री'च्या रंगाच्या कामासाठीं जर्मनीस जाऊन आले होते; तेथें जें पाहिलें तें डोळे मिटून खास पाहिलें नसेल! ह्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. विद्या जेथून मिळेल तेथून घ्यावी. पण मग 2018 च्या 'अंधाधुन'नें एका लहानशा फ्रेंच चित्रपटावरून बीज घेतलें, तर त्यालाच चोर कां म्हणावें? गुरुजींचा प्रिय 'पाठलाग' (1964) जयंत देवकुळ्यांच्या कादंबरीवरून राजा परांजप्यांनीं केला व दोनच वर्षांनीं राज खोसल्यांनीं त्याचा 'मेरा साया' केला. घेणें आणि देणें हा ह्या धंद्याचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे.

दुसरें म्हणणें नीतीचें. जुन्या चित्रपटांत पापाला शासन होत असे, आतां खुनी मजेंत निसटतो, म्हणून समाज बिघडतो! धाकट्या गुरुजींनीं हा मुद्दा मांडीवर थाप मारून मांडला. आम्हांस त्यांच्या भाबडेपणाचें कौतुक वाटलें. अमेरिकेंत 1934 पासून चित्रपटांवर एक कडक आचारसंहिता लागूं झाली होती आणि गुन्हेगार सुटतां कामा नये असा तिचा दंडक होता. बिली वाइल्डरच्या 'डबल इंडेम्निटी'मधील (1944) विमा एजंट शेवटीं पकडला जातो, तो कांहीं केवळ वाइल्डरच्या सदसद्विवेकबुद्धीमुळें नव्हे. नियम पाळावा लागे म्हणून झालेल्या शिक्षेस नीति म्हणणें हें परीक्षेच्या भीतीनें केलेल्या पाठांतरास विद्या म्हणण्यासारखें आहे. (हें पाठांतर आम्ही तीस वर्षें तपासीत आलों आहों, तेव्हां ह्या बाबतींत आमच्या शब्दास थोडें वजन असावें.)

इतकें वाचून तरुण मंडळी टाळ्या वाजवूं लागली असतील तर त्यांनीं हात थोडे आवरावे. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता, कीं ही चित्रपटाची जात अमेरिकेंत जन्मली, आमच्या जुन्या लोकांस तिची गंधवार्ता नव्हती, आणि ती खऱ्या अर्थानें आमच्याकडे आली ती गेल्या पंचवीस वर्षांत. आतां, 'नुआर' हें नांव फ्रान्समधील टीकाकारांनीं 1946 सालीं अमेरिकन चित्रपटांना दिलें. ज्यांनीं ते चित्रपट काढले त्यांना आपण 'नुआर' काढीत आहों ह्याचा पत्ताहि नव्हता. नांव मागाहून येतें, वस्तु आधीं असते. मग आमच्याकडे वस्तु होती कीं नव्हती एवढाच प्रश्न उरतो.

प्रभातचा 'माणूस' 1939 चा आहे. अमेरिकन 'नुआर'चा आरंभ म्हणून जो 'माल्टीज फाल्कन' मिरवितात तो 1941 चा. 'माणूस'मध्यें गणपत हा साधा पोलीस शिपाई एका धाडीच्या वेळीं मैना नांवाच्या वेश्येला वांचवितो व तिच्यांत गुंततो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर ह्यांनीं तीं दोन माणसें अशीं उभीं केलीं आहेत, कीं कोण कोणाचा उद्धार करीत आहे हें पाहणाऱ्यास निश्चित सांगतां येऊं नये. शेवटीं मैनेच्या हातून खून होतो आणि सुटकेची वाट समोर असतां ती तुरुंग पत्करते. वर्दी, वस्ती, रात्र, पिळून काढणारा नातलग आणि आपल्याच भल्या हेतूंत अडकलेला पुरुष. तरुणांच्या लक्षणग्रंथांतील ह्याहून कोणतें लक्षण उणें राहिलें? आणि येथें शासन कोणी लादलेलें नाहीं. मैना तें स्वतः उचलते. धाकट्या गुरुजींना जी नीति हवी होती ती येथें होती. पण त्यांनीं 'माणूस'चें नांव घेतलें नाहीं.

कां घेतलें नाहीं? आम्हीं न राहवून तेवढें एक विचारलें. ओट्यावरील बारा-तेरा जणांपैकीं एकानेंहि 'माणूस' अथपासून इतिपर्यंत पाहिलेला नव्हता. गुरुजींना त्यांतील गाणीं ठाऊक होतीं, तरुणांना एक छायाचित्र. तसेंच 'अर्धसत्य'चें (1983). श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि त्यांतला रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर तर शेजारच्या अहमदनगरचे. म्हणजे शिरूरकरांनीं घरचा माणूस म्हणून अभिमान बाळगावा असे. परंतु तरुणांनीं त्याचे पांच-सहा तुकडे मोबाइलवर पाहिले होते आणि गुरुजींनीं तो 'फार शिव्यांचा' म्हणून टाळला होता. ज्या इन्स्पेक्टर वेलणकरच्या हातून अखेर खून घडतो व जो स्वतःच्या पायांनीं जाऊन त्याची कबुली देतो, तो मैनेचा वारस आहे, हें दोन्ही चित्रपट पाहिल्यावांचून कोणाच्या ध्यानीं यावें? 'अंधाधुन'चा दिग्दर्शक श्रीराम राघवन पुण्याच्या ज्या संस्थेंत शिकला ती प्रभातच्याच आवारांत उभी आहे. त्या चित्रपटांत खून होतो तो एका उतारवयाच्या नटाचा, आणि तें काम 1970 च्या दशकांत नायक असलेल्या अनिल धवननें केलें आहे. जुन्यावर इतका जीव असलेला चित्रपट तरुणांनीं जुन्याच्या डोक्यांत घालावयाचा सोटा म्हणून वापरावा, ह्याची गंमत वाटते.

येथें आमचाहि एक कबुलीजबाब देणें प्राप्त आहे. 'पाठलाग'मध्यें एकहि प्रसंग फालतू नाहीं असें आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें सांगत आलों. शिरूरहून परतल्यावर तो पुन्हां लावून पाहिला. भावनाबाईंची दुहेरी भूमिका आजहि मनाची पकड घेते. पण न्यायालयांतील कांहीं भाग आम्हांस लांबलेला वाटला, आणि ज्या एका सावलीचें आम्ही वर्गांत रसभरित वर्णन करीत असूं ती आमच्या आठवणींत जेवढी लांब होती तेवढी पडद्यावर नाहीं. ती आम्हींच वाढविली होती. बाभळीची चेष्टा करणाऱ्या तरुणाचें म्हणणें त्या रात्रीं आम्हांस थोडें पटलें.

थोडेंच, कारण बाभूळ तरी खरी होती. काळोख दाखविणारें चित्र पाहावयास आधीं काळोख लागतो. तंबूंत तो होता. हातांतल्या वीतभर कांचेवर, अंगणांतला दिवा चालू ठेवून, मधून मधून निरोप वाचीत पाहिलेल्या चित्रांत सावली ही सावली राहत नाहीं, नुसता मळ होतो. मग तरुण म्हणतात, जुनें चित्र अंधुक आहे, कांहीं दिसत नाहीं! दिसावयाचें नव्हतेंच. काय लपविलें आहे ह्यावरच त्या कलेचा सारा व्यवहार चालतो. ह्या दृष्टीनें जुन्यांवर अन्याय होतो तसा नव्यांवरहि होतोच. 'अंधाधुन'मधील नुसत्या वादनावर चाललेला खुनाच्या घरचा तो मुका प्रसंग मोठ्या पडद्यावर पाहिलेल्यास आणि आगगाडींत मोबाइलवर पाहिलेल्यास एकच चित्रपट दिसला असें आम्ही मानीत नाहीं.

परंतु ह्याहून मोठी गोष्ट त्या ओट्यावर कोणाच्याच तोंडून निघाली नाहीं, आणि तीच आमच्या जिवाला लागून राहिली आहे. 1925 सालीं कोल्हापुरांत बाबूराव पेंटरांनीं 'सावकारी पाश' नांवाचा मूकपट काढला. कर्जापायीं जमीन गमावून शहराच्या गिरणीची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट. शेतकरी झाले होते तरुण शांताराम. ज्यांनीं तो पाहिला त्यांच्या आठवणींत एक दृश्य राहून गेलें: मंद उजेडांतली एक उदास झोपडी आणि तिच्यापाशीं रडणारें कुत्रें. चित्र मुकें, तरी तें रडणें ऐकूं आलें म्हणतात. अमेरिकेच्या खाजगी गुप्तहेरानें पावसांत सिगारेट पेटविण्याच्या सोळा वर्षें आधीं आमच्या ह्या चित्रकारास काळोख कोठें असतो हें कळलें होतें. तो शहराच्या गल्लींत नव्हता, कुळाच्या खोपटांत होता. आणि गुन्हेगार पिस्तूल घेऊन येत नव्हता, वही घेऊन येत होता.

हा मूकपट आज पाहावयास मिळत नाहीं. 1936 सालीं त्याचाच बोलपट निघाला, पण मूळ गेलें तें गेलें. आमच्या देशांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. हातीं उरले ते जेमतेम तीस, आणि त्यांतलेहि कित्येक तुकड्यांच्या रूपानें. 'आलमआरा' (1931) हा आमचा पहिला बोलपट, त्याचीहि प्रत नाहीं. फिती जळल्या, कुजल्या. कांहीं तर त्यांतल्या चांदीसाठीं वितळविण्यांत आल्या. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें 1964 सालीं. तोंवर 'जुनें तें सोनें' म्हणणाऱ्या पिढीनें जुन्याची चांदी करून संपविली होती! जुन्या पक्षानें जुन्याविषयीं बोलतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी एवढीच आमची विनंति आहे.

आणि शिरूरकरांना ही झोपडी परकी कां वाटावी? आम्ही गेलों तेव्हां दसरा तोंडावर आला होता. वाद चालू असतांनाच खालच्या रस्त्यानें एक ट्रक गेला. यजमान म्हणाले, मुकादमाची माणसें उचलीचा हिशेब करीत फिरत आहेत. उचल म्हणजे कारखान्याच्या हंगामाआधीं तोडणीकऱ्यानें घेतलेली आगाऊ रक्कम. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरावयाचा आणि सहा महिने ऊंस तोडून ती फेडावयाची. फिटली नाहीं तर पुढल्या सालाच्या वहींत चढते. दिवाळीच्या सुमारास ह्या भागांतल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारीं माणसें व कुलपें तेवढीं राहतात. 'सावकारी पाशा'ची गोष्ट ह्याहून कोणती निराळी आहे? ओट्यावर विलायती गुप्तहेरांच्या टोपीची लांबी-रुंदी ठरत होती आणि खालून उचलीचा ट्रक जात होता. वर बसलेल्या आम्हां सर्वांस, जुन्यांस नि नव्यांस, काळोखाच्या कलेविषयीं मतें होतीं. काळोखाकडे मात्र आमची पाठ होती. ह्या 'आम्हां'त आम्ही स्वतःस गाळीत नाहीं. आम्हीहि त्या ट्रकाकडे पाहिलें तें त्याच्या दिव्यानें भिंतीवर सरकलेली सावली सुंदर दिसली म्हणून.

निघतांना आम्हीं एक सूचना केली. शाळेच्या पटांगणांत पडदा बांधून लागोपाठ दोन रात्रीं 'माणूस' आणि 'अर्धसत्य' सबंध दाखवावे, तिसऱ्या रात्रीं 'अंधाधुन', आणि मग काय भांडावयाचें तें भांडावें. तरुणांनीं यंत्र आणण्याचें कबूल केलें. थोरल्या गुरुजींनीं पडद्याचें कापड आपल्याकडे घेतलें आणि 'अर्धसत्य'च्या रात्रीं आपण पुढेंच बसूं असेंहि जाहीर केलें. मग दिवसाचा प्रश्न निघाला. कोणी म्हणालें, दिवाळीच्या सुटींत ठेवूं, सगळे घरीं असतात. बाभळीचा विनोद करणारा तो तरुण एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, ''दसऱ्याच्या आंत ठेवा, गुरुजी. दिवाळीला आमच्या गल्लींत कोणी नसतं.''